सोनोग्राफीच्या चित्रातील काळी पट्टी: प्रोबच्या आत नेमके काय बिघडते?

उपकरणसेवक

नमस्कार. मी तालुक्याच्या ठिकाणी असलेल्या एका धर्मादाय रुग्णालयात वैद्यकीय उपकरणांची देखभाल पाहतो. माझे शिक्षण इलेक्ट्रॉनिक्समधील पदविकेपर्यंत झाले असून सोनोग्राफीविषयी जे थोडेफार समजते, ते काम करता करताच शिकलो आहे. आमच्याकडे सोनोग्राफीचे एकच यंत्र आहे आणि त्याला दोन प्रोब, म्हणजे रुग्णाच्या अंगावर टेकवून फिरवायचे हातातले भाग, आहेत. पोटाच्या व गरोदर मातांच्या तपासणीसाठी वक्र तोंडाचा, तर थायरॉइड व हातापायांच्या रक्तवाहिन्यांसाठी सपाट तोंडाचा.

गेल्या तीन आठवड्यांपासून वक्र प्रोबच्या चित्रात मध्यापासून किंचित डावीकडे एक काळी पट्टी दिसत आहे. वरच्या तीन-चार सेंटीमीटरमध्ये ती ठळक असते, पुढे हळूहळू फिकट होत जाते आणि आठ-नऊ सेंटीमीटरच्या खाली चित्र जवळजवळ पूर्वीसारखे दिसते. आमच्या डॉक्टर मॅडमचे म्हणणे असे की डॉपलर तपासणीतही रक्तप्रवाहाचा संकेत पूर्वीपेक्षा क्षीण झाला आहे. प्रोब खाली पडल्याची कोणतीही नोंद नाही. पुरवठादाराच्या प्रतिनिधीने फोनवरच ऐकून ‘क्रिस्टल गेला, प्रोब बदला’ असे सांगितले. नव्या प्रोबची किंमत आमच्या विश्वस्तांना सहज झेपणारी नाही, त्यामुळे निर्णयापूर्वी मला ही गोष्ट मुळातून समजून घ्यायची आहे.

प्रोबच्या आत नेमके काय असते? क्रिस्टल गेला असेल, तर पट्टी तळापर्यंत काळी का राहत नाही? आणि दोष क्रिस्टलमध्ये, केबलमध्ये की यंत्रात आहे, हे प्रोब न उघडता ओळखण्याची काही रीत आहे का?

जुना अभियंता

आपला प्रश्न वाचून बरे वाटले, कारण प्रोब बदलण्याआधी तो समजून घेण्याची तळमळ फार थोड्या ठिकाणी पाहायला मिळते. मी सुमारे तीस वर्षे रुग्णालयांतील उपकरणांच्या दुरुस्तीत काढली आहेत आणि सोनोग्राफीचे प्रोब हा त्यातला माझा सर्वांत आवडता भाग होता. म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

सर्वप्रथम, प्रोबला कॅमेरा समजण्याची चूक करू नये. प्रोब ध्वनीचा एक अत्यंत आखूड ठोका शरीरात पाठवतो आणि नंतर गप्प राहून परत येणारे प्रतिध्वनी ऐकतो. त्याचे काम एवढेच. कोणता प्रतिध्वनी किती वेळाने आला यावरून तो किती खोलीवरून आला हे यंत्र ठरवते आणि त्याच्या तीव्रतेनुसार पडद्यावर तितका उजळ ठिपका काढते. मऊ ऊतींमधील ध्वनीचा वेग सरासरी १५४० मीटर प्रति सेकंद धरलेला असतो. त्यामुळे एक सेंटीमीटर खोल जाऊन परत येण्यास ध्वनीला १३ मायक्रोसेकंद लागतात. सोळा सेंटीमीटर खोलीची एक रेषा मिळवायची, तर सुमारे २०८ मायक्रोसेकंद थांबावे लागते. अशा १२८ रेषांचे एक चित्र धरले, तर त्याला साधारण २७ मिलिसेकंद लागतात, म्हणजे सेकंदाला ३७च्या आसपास चित्रे मिळतात. खोली वाढवली की चित्र संथ का होते, याचे उत्तर याच हिशेबात आहे. प्रत्यक्ष ठोका एका मायक्रोसेकंदापेक्षाही कमी वेळ टिकतो. याचा अर्थ असा की प्रोब एकूण वेळेच्या अर्ध्या टक्क्याहूनही कमी काळ ‘बोलतो’ आणि बाकी सर्व काळ केवळ ऐकतो.

बोलणे आणि ऐकणे ही दोन्ही कामे एकच पदार्थ करतो. पिअर आणि जॅक क्युरी या बंधूंनी १८८० साली पॅरिसमध्ये दाखवून दिले की क्वार्ट्झ, टूर्मलीन यांसारख्या स्फटिकांवर दाब दिला असता त्यांच्या पृष्ठभागांवर विद्युतभार निर्माण होतो. यालाच दाबविद्युत परिणाम म्हणतात. याच्या उलटही घडले पाहिजे, म्हणजे विद्युतदाब दिला असता स्फटिकाने आकार बदलला पाहिजे, असे भौतिकशास्त्रज्ञ गॅब्रिएल लिपमन यांनी पुढच्याच वर्षी गणिताने मांडले आणि क्युरी बंधूंनी ते प्रयोगाने सिद्ध केले. आज आपण ‘क्रिस्टल’ म्हणतो तो बहुतेक प्रोबमध्ये नैसर्गिक स्फटिक नसतो. तो लेड झिर्कोनेट टायटेनेट, म्हणजेच पीझेडटी, या कृत्रिम सिरॅमिकचा असतो. त्याला काही दहा व्होल्टांपासून शंभर व्होल्टांपर्यंतचा विद्युत-ठोका दिला की तो थरथरतो, आणि परत आलेल्या प्रतिध्वनीने तो दाबला गेला की अत्यंत सूक्ष्म विद्युतसंकेत देतो.

हे सिरॅमिक किती जाड असावे, हे वारंवारता ठरवते. ज्या जाडीत ध्वनीची अर्धी तरंगलांबी बसते, त्या जाडीला सिरॅमिक सर्वांत जोमाने कंप पावते. पीझेडटीमधील ध्वनीचा वेग सुमारे ४००० मीटर प्रति सेकंद धरला, तर ३.५ मेगाहर्ट्झसाठी जाडी ०.५७ मिलिमीटर आणि ५ मेगाहर्ट्झसाठी ०.४ मिलिमीटर येते. पोस्टकार्डाहून थोड्याच जाड असलेल्या सिरॅमिकच्या या पट्टीवर सगळी इमारत उभी आहे, हे लक्षात घेतले म्हणजे प्रोब एवढा नाजूक का, हे वेगळे सांगावे लागत नाही.

सिरॅमिकच्या मागे बॅकिंगचा थर असतो, जो बहुधा राळेत टंगस्टनची भुकटी मिसळून तयार केलेला असतो. घंटा वाजवून लगेच हाताने धरली तर तिचा नाद जसा तिथेच थांबतो, तसे हा थर सिरॅमिकचा कंप दोन-तीन आवर्तनांतच थांबवतो. ठोका जितका आखूड, तितके एकाखाली एक असलेले दोन बारीक भाग वेगळे दिसतात. सिरॅमिकच्या पुढे मॅचिंग लेअर असतो आणि माझ्या मते संपूर्ण प्रोबमधील सर्वांत सुंदर कल्पना हीच आहे. ध्वनी एका माध्यमातून दुसऱ्यात जाताना दोन्ही माध्यमांचा ध्वनिरोध, म्हणजे घनता आणि ध्वनिवेग यांचा गुणाकार, जितका भिन्न असेल, तितका ध्वनी सीमेवरूनच मागे फिरतो. पीझेडटीचा ध्वनिरोध ऊतींच्या जवळजवळ अठरा-वीस पट असतो. दोन्ही थेट एकमेकांना चिकटवले, तर सुमारे ८० टक्के ऊर्जा शरीरात शिरण्याआधीच परत येईल. त्यासाठी मधल्या ध्वनिरोधाचा, पाव तरंगलांबी जाडीचा एक किंवा अनेक थर बसवतात, आणि ध्वनीला पायरी-पायरीने उतरण्याची वाट मिळते. सर्वांत बाहेर आपल्या हाताला लागणारे, रबरासारखे राखाडी किंवा काळसर तोंड म्हणजे लेन्स. ही सिलिकॉन रबराची लेन्स ध्वनीचा पट्टा जाडीच्या दिशेने आवळून धरते.

जेल लावण्याचे कारणही याच ध्वनिरोधात आहे. हवेचा ध्वनिरोध इतका कमी असतो की हवा आणि ऊती यांच्या सीमेवरून ९९.९ टक्के ध्वनी परत फिरतो. त्वचा आणि लेन्स यांच्यामध्ये हवेचा केसाएवढा पापुद्रा राहिला, तरी तेवढ्या भागापुरते चित्र काळे होते.

आता आपल्या मूळ प्रश्नाकडे येतो. रॉटरडॅम येथील निकोलास बॉम यांनी १९७०च्या दशकाच्या आरंभी हृदयाच्या तपासणीसाठी ओळीने वीस एलिमेंट, म्हणजे सिरॅमिकचे स्वतंत्रपणे चालणारे तुकडे, मांडलेला प्रोब केला होता. आपल्या वक्र प्रोबमध्ये असे १२८ किंवा त्याहून अधिक एलिमेंट असतील. सिरॅमिकची पट्टी हिऱ्याच्या पातळ करवतीने चिरून हे एलिमेंट वेगळे करतात. दोन शेजारच्या एलिमेंटच्या मध्यांतील अंतर वक्र प्रोबमध्ये साधारण अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास असते आणि प्रत्येकासाठी केबलमधून स्वतंत्र, केसासारखी बारीक, आवरण असलेली तार यंत्रापर्यंत जाते.

चित्राची एक रेषा मात्र एका एलिमेंटने तयार होत नाही, तर शेजारी-शेजारी असलेल्या एलिमेंटचा एक गट मिळून ती तयार करतो. जवळचे दृश्य पाहताना यंत्र लहान गट वापरते आणि जसजसा प्रतिध्वनी अधिक खोलीवरून येऊ लागतो, तसतसा गट रुंद करत नेते, कारण दूरवर ध्वनी नेमका केंद्रित करायचा, तर तोंड मोठे लागते. आपली पट्टी तळापर्यंत काळी का राहत नाही, याचे उत्तर इथे आहे. समजा, सलग तीन एलिमेंट निकामी आहेत. वरच्या दोन सेंटीमीटरसाठी आठ-दहा एलिमेंटचा गट काम करत असेल, तर त्यातले तीन गप्प असणे फार जाणवते. दहा सेंटीमीटरवरच्या प्रतिध्वनीसाठी साठ-सत्तर एलिमेंट एकत्र ऐकत असतील, तर तिघांची उणीव भरून निघते, निदान डोळ्यांना तसे भासते. ‘भासते’ असे मुद्दाम म्हणतो, कारण खाली चित्र भरलेले दिसले, तरी ध्वनीच्या पट्ट्याची नीट घडण त्या भागात बिघडलेलीच असते. डॉपलरला ही घडण फार लागते, म्हणून आपल्या मॅडमचे निरीक्षण मला अगदी रास्त वाटते.

दोष कुठे आहे हे ओळखण्यासाठी पुढील गोष्टी याच क्रमाने कराव्यात.

प्रथम प्रोबचे तोंड उजेडात धरून पाहावे. लेन्सला चीर असेल, फुगवटा असेल किंवा कडेने ती सुटलेली दिसत असेल, तर तो प्रोब त्या क्षणापासून रुग्णावर वापरू नये, कारण आत विद्युतदाब असतो आणि चिरेतून जेल व जंतुनाशक आत शिरते.

लेन्स शाबूत असेल, तर तोंड पूर्ण कोरडे पुसून प्रोब हवेतच धरावा. पडद्यावर तोंडाला समांतर असे उजळ पट्टे दिसतील. हा लेन्सच्या आतल्या आत फिरणारा प्रतिध्वनी आहे. हार्मोनिक आणि कंपाउंड हे चित्र सुधारण्याचे पर्याय बंद करावेत, खोली व फोकस शक्य तितके वर आणावेत आणि गेन, म्हणजे संकेत मोठा करण्याची पातळी, कमी करत जावा. सुदृढ प्रोबमध्ये हे पट्टे एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सारखे उजळ दिसतात, आणि निकामी एलिमेंटपाशी ते तुटतात. त्यानंतर कागदांना लावायची तारेची क्लिप उलगडून तिचा सरळ भाग तोंडावर आडवा, म्हणजे एलिमेंटच्या लांबीला समांतर, हलकेच टेकवून एका कडेकडून दुसरीकडे सरकवावा. क्लिप जिथे टेकते, तिच्याखाली पडद्यावर उजळ रेघ उमटते आणि ती क्लिपबरोबर सरकते. जिथे ती रेघ विझते किंवा मंदावते, तिथे एलिमेंट गप्प आहेत. क्लिपचे टोक लेन्सवर कदापि ओढू नये.

त्यानंतर प्रोब तसाच हवेत धरून, दुसऱ्या व्यक्तीला केबल प्रोबच्या मुठीपाशी आणि मग यंत्राकडच्या कनेक्टरपाशी हळुवार वाकवायला सांगावे. पट्टी आली-गेली, तर क्रिस्टल निर्दोष असून तार तुटलेली आहे. शेवटी प्रोब यंत्राच्या दुसऱ्या सॉकेटमध्ये लावून पाहावा आणि सपाट प्रोबवरही हीच चाचणी करावी. दोन्ही प्रोबमध्ये पट्टी दिसली, तर दोष यंत्रातील चॅनेलचा, म्हणजे त्या एलिमेंटचा संकेत हाताळणाऱ्या मंडलाचा, आहे आणि प्रोब बदलण्यावर केलेला खर्च सर्वस्वी वाया जाईल.

प्रतिमानिदान

वरील प्रतिसाद मी दोनदा वाचला. मी गेली अठरा वर्षे रेडिओलॉजिस्ट म्हणून काम करत आहे आणि एका विषयावर मला कळकळीने लिहावेसे वाटते. प्रोबमधील दोष हा उपकरण विभागाचा प्रश्न मानला जातो, परंतु तो आधी निदानाचा प्रश्न असतो.

चित्रातील प्रत्येक काळी पट्टी काही दोषाची नसते. पित्ताशयातील खडा, बरगडी आणि आतड्यातील वायू यांच्या मागे सावली पडते आणि पुष्कळदा त्या सावलीवरूनच आम्ही खडा ओळखतो. म्हणून प्रोबमुळे आलेली पट्टी आणि शरीरामुळे आलेली सावली यांतील फरक तपासणाऱ्याला क्षणार्धात कळला पाहिजे. प्रोब त्वचेवर हळूहळू सरकवला असता शरीरातील सावली आपल्या अवयवाबरोबर पडद्यावर सरकते, तर प्रोबची पट्टी पडद्यावर आपल्या जागेवरच राहते आणि अवयव तिच्याखालून जातात. शिवाय प्रोबची पट्टी अगदी वरच्या कडेपासून सुरू होते, खड्याची सावली खड्यापासून सुरू होते. आपल्या मॅडमना हे निश्चितच ठाऊक असेल. पण त्यांच्या अनुपस्थितीत दुसरे कोणी डॉक्टर तपासणीला बसत असतील, तर यंत्राजवळ तशी लेखी सूचना लावून ठेवावी.

पट्टी मध्याच्या जवळ आहे, ही बाब मला अधिक चिंतेची वाटते. कडेचा दोष आपण टाळू शकतो, मध्यावरचा नाही, कारण जे नीट पाहायचे असते ते आपण नकळत मध्यावरच आणतो. पट्टीची जागा ठाऊक असताना साधी तपासणी काही दिवस निभावून नेता येईल. तथापि गर्भाच्या नाळेतील रक्तप्रवाहाचे डॉपलर अशा प्रोबने करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. डॉपलरमध्ये आपण रक्तपेशींवरून आलेल्या प्रतिध्वनीच्या वारंवारतेतील बदल मोजतो. ५ मेगाहर्ट्झचा ध्वनी, सेकंदाला ५० सेंटीमीटर वेगाने वाहणारे रक्त आणि ६० अंशांचा कोन धरला, तर हा बदल अवघा १६०० हर्ट्झच्या आसपास येतो. म्हणूनच तो स्पीकरवर आपल्या कानांना ऐकू येतो. रक्तपेशींचा हा प्रतिध्वनी आजूबाजूच्या ऊतींच्या तुलनेत अतिशय क्षीण असतो. त्यामुळे काही एलिमेंट गप्प झाले की आधी तो हरवतो. एखाद्या बाळाच्या नाळेत प्रसरणकाळातील, म्हणजे हृदय सैल पडते त्या क्षणांतील, प्रवाह खरोखर कमी आहे की प्रोबला तो ऐकू येत नाही, ही शंका मनात ठेवून अहवाल लिहिणे मला तरी मान्य होणार नाही.

स्वीडनमधील ३२ रुग्णालयांत नित्य वापरातले ६७६ प्रोब तपासले गेले होते आणि त्यांपैकी सुमारे ४० टक्के प्रोबमध्ये दोष आढळला, हे २००९ साली प्रसिद्ध झाले आहे. हे प्रोब अडगळीत टाकलेले नव्हते, रोज रुग्णांवर वापरले जात होते. आपल्याकडे पट्टी दिसताच कोणीतरी प्रश्न विचारला, हेच मोलाचे आहे.

एक कायदेशीर बाबही लक्षात असू द्यावी. गर्भलिंगनिदानाला आळा घालणारा कायदा देशात सर्वप्रथम महाराष्ट्राने १९८८ साली केला आणि त्यानंतर १९९४चा केंद्रीय कायदा आला. या कायद्यान्वये सोनोग्राफी केंद्रातील उपकरणांत होणारा बदल समुचित प्राधिकाऱ्यांना, म्हणजे या कायद्याखाली नेमलेल्या अधिकाऱ्यांना, कळवावा लागतो. त्यामुळे तात्पुरता प्रोब मागवण्याआधी किंवा आहे तो दुरुस्तीसाठी बाहेर पाठवण्याआधी, आपल्या केंद्राच्या नोंदणीत प्रोबचा उल्लेख कसा आहे ते पाहून लेखी पत्रव्यवहार करावा. घाईत ही पायरी राहून गेली, तर नंतर रुग्णालयाला फार मनस्ताप होतो.

उपकरणसेवक

दोघांचेही मनःपूर्वक आभार. काल सायंकाळी बाह्यरुग्ण विभाग बंद झाल्यावर मॅडमच्या उपस्थितीतच सर्व चाचण्या केल्या. लेन्सला चीर नाही. हवेतील पट्टे डाव्या बाजूला एका ठिकाणी स्पष्ट तुटलेले दिसले. क्लिप सरकवताना तिथेच रेघ विझली. रुंदीवरून अंदाज केला, तर तीन किंवा चार एलिमेंट असावेत. सपाट प्रोबमध्ये असे काहीच दिसले नाही आणि सॉकेट बदलल्यावरही वक्र प्रोबची पट्टी कायम राहिली.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, सहकाऱ्याने केबल मुठीपासून चार बोटांवर डावीकडे वाकवली तेव्हा तुटलेला भाग एकदम भरून आला आणि केबल सोडताच पुन्हा काळा झाला. आम्ही हे पाच वेळा करून पाहिले. म्हणजे क्रिस्टल शाबूत आहे, असे मी समजतो. तसेच, आमच्याकडे तपासणीनंतर प्रोब ट्रॉलीच्या दांड्याला केबल गुंडाळून लटकवला जात होता, हे आता लक्षात आले आहे.

मॅडमनी वक्र प्रोबने डॉपलर करणे आजपासून थांबवले असून त्या रुग्णांना जिल्ह्याच्या ठिकाणी पाठवत आहोत. त्यामुळे विश्वस्तांपैकी एकांनी विचारले की दुरुस्ती होईपर्यंत पोटाच्या सर्व तपासण्या सपाट प्रोबने का करू नयेत, त्याचे चित्र तर अधिक रेखीव दिसते. ते योग्य नाही एवढे मला ठाऊक आहे, परंतु कारण नेमक्या शब्दांत सांगता आले नाही.

तरंगलांबी

मी कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवते. दुरुस्तीतले मला काही कळत नाही, परंतु विश्वस्तांच्या प्रश्नाचे उत्तर साध्या आकडेमोडीने देता येईल.

चित्र रेखीव दिसते ते आखूड तरंगलांबीमुळे. ऊतींमध्ये ३.५ मेगाहर्ट्झच्या ध्वनीची तरंगलांबी ०.४४ मिलिमीटर, तर १० मेगाहर्ट्झची ०.१५ मिलिमीटर असते. दोन आवर्तनांचा ठोका धरला, तर खोलीच्या दिशेने साधारण एवढ्याच अंतरावरचे दोन बिंदू वेगळे ओळखता येतात. इथपर्यंत विश्वस्तांचे म्हणणे बरोबरच आहे.

परंतु वारंवारता वाढली की ऊती ध्वनी अधिक वेगाने शोषून घेतात. मऊ ऊतींसाठी हा ऱ्हास प्रत्येक सेंटीमीटरला आणि प्रत्येक मेगाहर्ट्झला सुमारे अर्धा डेसिबल धरतात. जाणे आणि येणे मिळून तो एक डेसिबल होतो. आता यकृताचा पंधरा सेंटीमीटर खोल असलेला भाग पाहायचा आहे असे समजू. ३.५ मेगाहर्ट्झला ऱ्हास होईल सुमारे ५२ डेसिबल, म्हणजे निघालेल्या ऊर्जेचा जवळजवळ पावणेदोन लाखावा भाग उरेल. हे फार कमी वाटते, पण यंत्र ते ऐकू शकते आणि खोलीनुसार आवाज वाढवून ते भरून काढते. १० मेगाहर्ट्झला ऱ्हास होईल १५० डेसिबल, म्हणजे एकावर पंधरा शून्ये एवढ्याने भागल्यावर जे उरेल ते. त्यावर कितीही गेन वाढवला, तरी यंत्राच्या स्वतःच्या खरखरीशिवाय काहीही हाती लागणार नाही. याउलट थायरॉइड तीन सेंटीमीटरच्या आत असते. तिथे १० मेगाहर्ट्झला ऱ्हास फक्त ३० डेसिबल, म्हणजे हजारावा भाग उरतो, आणि बारकावे मात्र पुरेपूर मिळतात.

दुसरे कारण आकाराचे आहे. सपाट प्रोबच्या रेषा एकमेकींना समांतर जातात, त्यामुळे त्याच्या तोंडाची जी रुंदी असेल, साधारण तेवढ्याच रुंदीचा आयत दिसतो. वक्र प्रोबच्या रेषा पंख्यासारख्या उलगडत जातात आणि खोलवर गेल्यावर संपूर्ण मूत्रपिंड किंवा गर्भाचे डोके एका चित्रात मावते. हृदयासाठीचा प्रोब तर बरगड्यांच्या फटीत बसेल इतका लहान असतो आणि त्याचे सर्वच एलिमेंट प्रत्येक रेषेत भाग घेतात. ठोके देण्याच्या वेळांत फरक ठेवून ध्वनीचा पट्टा डावी-उजवीकडे वळवला जातो. त्यामुळे त्या प्रकारच्या प्रोबमध्ये दोन-चार एलिमेंट गेले, तरी अशी पट्टी दिसत नाही, सगळेच चित्र थोडे निस्तेज होते. आपला दोष वक्र प्रोबमध्ये होता म्हणून तो डोळ्यांना तरी दिसला.

हे वेळांतील फरक किती सूक्ष्म असतात, ते मी विद्यार्थ्यांना आवर्जून काढायला लावते. पाच सेंटीमीटरवर ध्वनी केंद्रित करायचा असेल, तर मध्यापासून एक सेंटीमीटर दूर असलेल्या एलिमेंटचे त्या बिंदूपासूनचे अंतर पायथागोरसच्या प्रमेयाने ५०.९९ मिलिमीटर येते. ते मधल्या एलिमेंटपेक्षा सुमारे एक मिलिमीटरने अधिक आहे. म्हणून कडेच्या एलिमेंटने मधल्यापेक्षा ०.६४ मायक्रोसेकंद आधी ठोका द्यावा लागतो, म्हणजे सर्व ठोके त्या बिंदूवर एकाच वेळी पोहोचतात. नववी-दहावीचे प्रमेय रुग्णालयात दर सेकंदाला हजारो वेळा वापरले जाते, हे सांगितल्यावर वर्गातील मुलांचे चेहरे पाहण्यासारखे होतात.

प्रतिमानिदान

वरील हिशेबाला एक जोड देते. १५४० मीटर हा वेग सरासरी आहे. चरबीत तो सुमारे १४५० मीटर असतो. तीन सेंटीमीटर चरबीचा थर यंत्राला जवळजवळ ३.२ सेंटीमीटर वाटतो आणि त्याखालचे सर्व काही तेवढे खाली सरकलेले दिसते. स्थूल रुग्णांत मापे घेताना हे ध्यानात ठेवावे लागते. बाकी सपाट प्रोबने अगदीच काही होणार नाही असे नाही. लहान मुलांचे पोट, अपेंडिक्स आणि पोटाच्या भिंतीतील हर्निया हे आम्ही त्यानेच अधिक चांगले पाहतो. मोठ्या माणसाचे यकृत किंवा शेवटच्या तिमाहीतील गर्भ मात्र त्याने पाहू नये.

जुना अभियंता

आपण केलेली चाचणी पाहता, निष्कर्ष बरोबर आहे. केबल वाकवल्यावर एलिमेंट बोलू लागतात, म्हणजे सिरॅमिक जिवंत असून मुठीजवळच्या तारा तुटल्या आहेत. केबल दांड्याला गुंडाळून प्रोब लटकवण्याच्या सवयीने नेमका हाच भाग मोडतो, कारण प्रोबचा सगळा भार मुठीपाशी एकाच वळणावर येतो. आता पट्टी जाते म्हणून केबल चिकटपट्टीने वाकवलेल्या स्थितीत बांधून काम चालवण्याचा मोह कोणालाही होऊ देऊ नका. शेजारच्या ताराही त्याच वळणावर तुटू लागतात आणि तीनाच्या जागी दहा एलिमेंट जातात.

दुरुस्तीसाठी पाठवताना ‘क्रिस्टल खराब’ असे न लिहिता ‘मुठीपासून चार बोटांवर केबलमध्ये तार तुटलेली, केबल वाकवल्यावर दोष नाहीसा होतो’ असे नेमके लिहावे आणि हवेतील चाचणीची दोन्ही चित्रे, पट्टी असलेली व नसलेली, सोबत जोडावीत. केबल बदलणे किंवा तुटलेला भाग कापून ती पुन्हा जोडणे हे प्रोबची दुरुस्ती करणाऱ्यांचे नेहमीचे काम आहे, आणि संपूर्ण प्रोबच्या किमतीशी त्याची तुलना होत नाही. परत आलेला प्रोब स्वीकारण्याआधी त्यांच्यासमोरच हवेतील पट्टे, क्लिप आणि केबल वाकवणे या तिन्ही चाचण्या कराव्यात. मुठीचा जोड पाणीबंद आहे आणि विद्युत-गळतीची चाचणी झाली आहे, याचे लेखी प्रमाणपत्र घ्यावे. कोणता एलिमेंट कोणत्या तारेला जोडला आहे हा क्रम चुकला, तर पट्टी दिसत नाही, पण चित्र धूसर होते. म्हणून क्लिपची रेघ एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत न उडता, सलग सरकते का, हे विशेष बारकाईने पाहावे.

स्वच्छतेविषयीही लिहितो, कारण केबलइतकेच प्रोब यामुळेही जातात. जेलऐवजी तेल किंवा व्हॅसलिन कधीही वापरू नये, त्याने लेन्सचे रबर फुगते. जंतुनाशक उत्पादकाच्या यादीतलेच असावे. तपासणी संपताच जेल मऊ कापडाने पुसावे, वाळू देऊ नये. प्रोब ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे वाफेने निर्जंतुक करण्याच्या यंत्रात, घालू नये. पीझेडटीला दिलेले ध्रुवीकरण, ज्यामुळे त्याला दाबविद्युत गुण येतो, ज्या तापमानाला पूर्ण नाहीसे होते, ते प्रकारानुसार साधारण २०० ते ३५० अंश सेल्सिअस असले, तरी त्याच्या बऱ्याच आधी ते ढळू लागते आणि थरांमधील चिकट द्रव्य तर ऑटोक्लेव्हच्या १२१ अंशांनाच सुटू शकते. नव्या एकस्फटिकी प्रोबची सहनशक्ती याहूनही कमी असते.

प्रोब ठेवण्यासाठी ट्रॉलीला कप असतात, ते मोडले असतील तर आधी ते बसवून घ्यावेत. केबल मोठ्या वेटोळ्यात, जमिनीला न लागता आणि चाकाखाली न येता, वेगळ्या आकड्यावर टांगावी. प्रोब दुरुस्त होऊन आला की त्याच दिवशी हवेतील पट्ट्यांचे चित्र तारखेसह जतन करावे, दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी तसेच चित्र पुन्हा घ्यावे आणि दोन्ही शेजारी ठेवून पाहावीत. याला पाच मिनिटांहून अधिक वेळ लागत नाही.

उपकरणसेवक

कप खरोखरच मोडलेले होते. आज नवे मागवले आहेत. समुचित प्राधिकाऱ्यांना द्यायचे पत्र मॅडमनी तयार केले असून पोच मिळाल्यावर प्रोब पाठवू. सपाट प्रोबचे हवेतील चित्र आजच्या तारखेने जतन करून ठेवले आहे. वक्र प्रोब परत आल्यावर तिन्ही चाचण्यांचे निकाल याच धाग्यात लिहीन.